ओशिगेचा भोवरा

चित्रकार चेहरा काढतो, पण केस काढत बसत नाही. कपाळाची कड नुसती सुचवून तो मोकळा होतो. तिथला एकेक केस चेरीच्या लाकडात आपल्या अकलेने उठवायचा, तो कोरणाऱ्याने. जपानच्या एदो शहरात हे काम इसोकिचीइतकं बारीक कोणी करत नव्हतं. छापलेल्या चित्रावर नावं मात्र चित्रकाराची आणि प्रकाशकाची. कोरणाऱ्याला विचारतो कोण?

सात वर्षांपूर्वी त्याची बायको ओशिगे हिने चहा ठेवताना मागून हाक मारली, त्याचा हात दचकला आणि आठ दिवसांचं काम एका नाकासकट गेलं. इसोकिचीचा राग म्हणजे वाळल्या गवताची आग. त्याने तिथल्या तिथे रिवाजाप्रमाणे साडेतीन ओळींची सोडचिठ्ठी लिहून तिच्यापुढे टाकली. संध्याकाळी डोकं थंड झाल्यावर तो ती फाडायला घरात गेला, तर चिठ्ठीही नाही आणि ओशिगेही नाही. माहेरी शोधलं, मावशीकडे शोधलं. बाई जणू जमिनीने गिळली.

तेव्हापासून चित्रातली जी सुंदरी हाताखाली येई, तिच्या कपाळाच्या कडेला तो केसांचा एक भोवरा कोरी. ओशिगेला होता तसाच, कितीही तेल लावा, उलटाच फिरणारा. एदोची चित्रं गावोगाव जातात. एखादं तिच्या हाती पडेल, ती ओळखेल आणि परत येईल. वेडेपणा होता, हे त्यालाही कळत होतं. पण तिला बोलवायला त्याच्यापाशी दुसरं काही नव्हतं.

हे चित्रकार रान्साईच्या लक्षात यायला सात वर्षं लागली. स्वतःच्या सहीपलीकडे तो फारसं बघत नसे. आपल्या चित्रांतल्या सगळ्या बायका एकाच आईच्या पोटच्या दिसतात, असं लोक म्हणतात म्हणून तो प्रकाशक कानबेईपाशी कुरकुरला. कानबेईने नव्या चित्राचा कोरलेला ठोकळा आणि त्यावरून छापलेला कागद इसोकिचीपुढे आणून ठेवला. भोवऱ्याचा भाग काढ, नवा तुकडा बसव, केस सरळ कर, नाहीतर यापुढे डोकी दुसरा कोणी कोरेल. इसोकिची चार दिवस ठोकळा नुसता समोर घेऊन बसला.

पाचव्या दिवशी गोनरोकु नावाचा फिरता औषधविक्या आला. तो दरवर्षी उत्तरेकडे घरोघरच्या औषधपेट्या भरून देई आणि गिऱ्हाइकाला वर एक चित्र फुकट देई. ती चित्रं तो कानबेईकडूनच नेई. या खेपेला तो केस कोरणाऱ्याचा पत्ता विचारत थेट इसोकिचीच्या कारखान्यात शिरला. मोगामी नदीकाठी करडईची शेती असलेल्या एका घरात बाईने चित्र हातात घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि कोरणाऱ्यासाठी निरोप दिला, असं तो म्हणाला.

"काय म्हणाली?" इसोकिचीने विचारलं.

"म्हणाली, त्यांना सांगा, भोवरा दुसऱ्या बाजूला होता."

इसोकिचीने ठोकळा आणि छापलेला कागद शेजारी शेजारी ठेवला. लाकडावर डावं ते कागदावर उजवं, हे नवशिक्याला पहिल्या दिवशी कान धरून शिकवतात. पण तो लाकडात ओशिगेला समोर बसवून कोरत आला होता. छापून आलेल्या कागदाकडे त्याने कधी नीट पाहिलंच नव्हतं. सात वर्षं गावोगाव गेली, ती दुसरीच कोणी बाई.

"रडली का?"

"छे, हसली. म्हणाली, जन्मभर उलटं बघून माणूसही उलटाच होतो. मग पाठीवरचं पोर रडायला लागलं, तशी आत गेली."

पोर कोणाचं, हे इसोकिचीने विचारलं नाही. पुढच्या वर्षी त्याच वाटेने जायचं आहे, काही निरोप आहे का, असं गोनरोकुने उठताना विचारलं.

"सांगा, चूक माझीच होती," तो म्हणाला.

गोनरोकु गेल्यावर त्याने पटाशी घेतली, भोवरा काढला आणि नवा तुकडा ठोकून बसवला. आता आणखी एक तुकडा बसवून भोवरा बरोबर बाजूला कोरता आला असता. हात तिकडे वळलाही. पण ते कपाळ आता दुसऱ्याच्या घरातलं होतं. सात वर्षं त्याने हाक मारली होती आणि तिने ओ दिली होती. यायचं मात्र नव्हतं तिला. बाहीने डोळे पुसून त्याने पहिला सरळ केस कोरला, मग दुसरा.