ताडपत्रीखालची साक्षीदार

मला सायकल म्हणावे की हातगाडी, यावर आमच्या लायडन गावात अजून एकमत नाही, मित्रांनो. चाके दोन, पायडल दोन, घंटी एक. इथवर मी सायकलच. पण हँडलच्या पुढे माझ्या पोटाशी एक लांबट लाकडी पेटी आहे आणि तिच्यात मुले बसतात. आता मी जुनी झाले. पेटीच्या एका फळीवर लोखंडी पट्टी ठोकलेली आहे. ती तिथे कशी आली, तेवढेच सांगते.

माझा जन्म एका लहान कारखान्यात झाला. तिथल्या सुताराने माझ्या फळ्या बोटाने चाचपून चाचपून बसवल्या. मुलांच्या मांडीत कुसळ जाऊ नये म्हणून. वीबे डायकेमाने मला विकत घेतले, तेव्हा त्याच्या बायकोचे, आनलोटचे, दिवस भरत आले होते. दुकानातून घरी येताना त्याने तिलाच पेटीत बसवले. "पहिलीच सवारी भारी निघाली," असे तो म्हणाला आणि त्या वाक्याची परतफेड पुढे कित्येक महिने करत राहिला.

मग यिके झाली, तिच्यामागून सीप झाला. शाळा, पोहण्याचा वर्ग, बटाट्यांची पोती, नाताळचे झाड, सगळे मीच वाहिले. समोरून वारा आला की वीबे उभा राहून पायडल मारी आणि पेटीतून मुले ओरडत, "अजून जोरात!" शेजारीपाजारी माझे कौतुक करत. कौतुकाचे एक असते, मित्रांनो. ते सुरू झाले की तेलपाणी बंद होते.

वीबे नगरपालिकेत पूल तपासायच्या कामावर होता. कालव्यावरच्या कुठल्याही पुलाची केसाएवढी भेग त्याला पलीकडच्या काठावरून दिसे. माझ्या ब्रेकची वायर विसविशीत झालेली मात्र दिसत नसे. नाही, दिसत होती. "येत्या शनिवारी बघतो," असे तो दर आठवड्याला म्हणे. शनिवार येत आणि माझ्यावरून निघून जात. तोवर उतार आला की तो डावा पाय खाली सोडी आणि बूट दगडांवर घासत मला थांबवी. त्याच्या डाव्या बुटाचा तळ उजव्याच्या कितीतरी आधी झिजे. यिकेला या ब्रेकची भारी मजा वाटे. "पपा, चर्रर्र करा ना!" असे ती पुलाच्या माथ्यावरच सांगे.

सीप हिंडूफिरू लागला तेव्हा आनलोटने पुन्हा नोकरी धरली. मग त्यांनी एका संस्थेमार्फत 'ओ पेअर' बोलावली. म्हणजे परदेशातली तरुण मुलगी. ती वर्षभर घरात राहते, मुलांना सांभाळते, इथली भाषा शिकते. घरचे म्हणतात, ती घरातलीच. संस्था म्हणते, ती आमच्या जबाबदारीवर आलेली. ती बिचारी दोघांचे ऐकते.

नायरा बोलिव्हियातून आली, ला पाझ शहरातून. तिथे रस्ता म्हणजे जिनाच. सायकलचे नाव कोण काढतो! पहिल्याच सकाळी आनलोटने माझी किल्ली तिच्या हातात ठेवली.

"पोरांना शाळेत सोडून ये. पुलावरून सरळ, मग डावीकडे."

"मला सायकल येत नाही," नायरा म्हणाली.

आनलोट हसली. "अगं, चेष्टा पुरे. उशीर होतोय."

"खरंच नाही येत."

"संस्थेच्या कागदावर तर लिहिलंय, सायकल येते."

"ते मी नाही लिहिलं," नायरा पुटपुटली. पण तोवर आनलोट स्वतःची सायकल काढून निघालीही होती. ती वाईट बाई नव्हे, मित्रांनो. आमच्याकडे मूल चालायला लागले की सायकलवर बसते. कुणाला 'तुला येते का' असे विचारणे म्हणजे 'तुला जेवता येते का' असे विचारणे. म्हणून कुणीच विचारत नाही.

शिकवायचे काम सहा वर्षांच्या यिकेने घेतले. चर्चपुढच्या पटांगणात ती रिकाम्या पेटीत उभी राही आणि नायरा घामाघूम होऊन मला ओढी.

"खाली काय बघतेस? पैसे पडलेत का? समोर बघ!"

"हळू बोल ना, लोक बघतात."

"बघू देत. कालव्यातली बदकंसुद्धा तुझ्यापेक्षा सरळ जातात!"

पण पानगळ सुरू झाली तोवर नायरा सरळ जाऊ लागली. दोन्ही मुलांना घेऊन, भाषावर्गातले शब्द त्यांच्याकडून वदवून घेत ती मला चालवी. तिला त्या वर्गाची वसंतातली परीक्षा द्यायची होती. ती उत्तीर्ण झाली की पुढे परिचारिकेच्या शिक्षणाला अर्ज करता येणार होता. वीबेने तिला पहिल्या दिवशी एवढेच सांगितले, "उतारावर जरा जपून हं." बूट घासायची विद्या त्याने शिकवली नाही. तिने आपली ब्रेकवर भिस्त ठेवली.

त्या दिवशी यिकेला शाळेत सोडून ती सीपला घेऊन परत येत होती. पूल ओल्या पानांनी निसरडा झाला होता. उतारावर सामान वाहणारी एक व्हॅन आडवी आली. नायराने ब्रेक करकचून दाबला. मी थांबले नाही. आम्ही कठड्यावर आदळलो. फळी तडकली, सीपच्या खांद्याचे हाड मोडले आणि माझी वायर तुटून लोंबू लागली.

सीप वाचला, हळूहळू बराही झाला. पण घरातले हसू गेले. आनलोटने संस्थेला लिहिले, तुम्ही खोटी माहिती देऊन मुलगी पाठवली. पैसे परत करा, नाहीतर कोर्टात भेटू. संस्थेने उलट लिहिले, तुमचीच सायकल नादुरुस्त असणार. वकिलांनी बजावले, सायकलला हात लावू नका, तो पुरावा आहे. वायर आधी तुटली की आपटल्यावर, ते तज्ज्ञ येऊन ठरवतील. झाले! मागच्या शेडमध्ये, निळ्या ताडपत्रीखाली माझी रवानगी झाली. जन्मभर मला कुणी वेळेवर तपासले नाही आणि आता तपासायचे म्हणून कुणी दुरुस्त करीना.

दोघांच्या या भांडणात नायराचे नाव कुणाच्याच तोंडी नीट येत नव्हते. पण दंड तिलाच होता. दोष तिचा ठरला तर संस्था तिला दुसरे घर शोधून देणार नव्हती. मग परीक्षा सोडून परत ला पाझ.

एका दुपारी ती शेडमध्ये आली. ताडपत्री उचलून तिने माझे हँडल हातात धरले आणि ब्रेकची मूठ दाबली. ती ढिली, निर्जीव होती.

"मी दाबला होता ना?" ती मला म्हणाली. "मला आठवतंय. पण आता सगळे विचारतात, तर वाटतं, नसेन दाबला. घाबरून विसरले असेन."

मी काय सांगणार? मला बोलता येत नाही, मित्रांनो. त्या वेळी आले असते, तर उरलेले आयुष्य मुकी राहायला मी तयार होते.

कोर्टापूर्वी एकदा समोरासमोर बसावे, असे ठरले. संस्थेच्या कॉर्नेलीनबाई आल्या. पुरावा पाहायचा म्हणून खुर्च्या शेडपाशीच मांडल्या. कॉफी आली, प्रत्येकाला एकेक बिस्कीट मिळाले आणि डबा बंद झाला. वैऱ्यालाही एक बिस्कीट चुकत नाही, दोस्तालाही दुसरे मिळत नाही. हा आमचा न्याय.

"मुलगी अननुभवी होती, हे तुम्हाला पहिल्या दिवशी कळलं होतं," कॉर्नेलीनबाई म्हणाल्या. "तरी मुलांना पेटीत बसवून पाठवलंत?"

"आणि तुम्ही आम्हाला काय पाठवलंत?" आनलोट कडाडली. "माझं पोर हाड मोडून घेतं आणि तुम्ही मलाच शिकवता? हिनं ब्रेक दाबलाच नसणार!"

नायराने मान खाली घातली. वीबे कपातली कॉफी ढवळत होता, साखर घातलेली नसताना.

"दाबला असणार," यिके म्हणाली. ती माझ्या तडकलेल्या पेटीत बसून बिस्किटाच्या कडा कुरतडत होती. "पण तो लागतच नाही. पपांना माहितीये. पपा बूट घासतात."

आनलोटची नजर सावकाश नवऱ्याच्या पायांकडे गेली. वीबेने डावा पाय खुर्चीखाली ओढला, पण उशीर झाला होता.

"केव्हापासून?" तिने विचारले.

"उन्हाळ्याच्याही आधीपासून." वीबे म्हणाला. "मी... शनिवारी करणार होतो."

"साऱ्या गावच्या पुलांच्या भेगा मोजतोस, वीबे! आणि ज्या पेटीत आपली पोरं बसतात..." कॉर्नेलीनबाईंच्या ओठांवर हसू आलेले तिने पाहिले आणि ती त्यांच्याकडे वळली. "तुम्ही हसू नका, बाई. सायकल येते, हे कागदावर कोणी लिहिलं?"

बाईंनी कप खाली ठेवला. "ते... सगळ्याच मुलींच्या कागदावर असतं. नाहीतर इकडे कुणी घेत नाही."

"मला विचारलं असतंत," नायरा पहिल्यांदा बोलली, कॉर्नेलीनबाईंकडे बघत, "तर मी नाही म्हणाले असते." मग ती आनलोटकडे वळली. "तुम्हाला तर मी सांगितलंही होतं. आणि ब्रेकचं कुणी सांगितलं असतं, तर मी पायीच नेलं असतं मुलांना."

कोर्टाची गोष्ट तिथेच विरली. चूक दोघांच्याही पदरात समान पडली की खटला कोण भरणार? संस्थेने लेखी दिले की नायराचा दोष नाही. आनलोट तिला म्हणाली, "राहा इथेच." नायराने नम्रपणे नाही म्हटले. तिने दुसरे घर मागितले आणि ते तिला मिळाले. आनलोट रडली. वीबेला तर मान वर करता येईना.

मग त्याने मला बाहेर काढले. नवी वायर घातली, फळीवर पट्टी ठोकली. तो दिवस शनिवार नव्हता.

मित्रांनो, माझे मागणे फार नाही. ज्याच्या भरवशावर आपले माणूस सोडता, ते मोडण्याआधी बघा. मोडल्यावर बघायला वकीलही येतात. आणि कुणाच्या हाती काम देताना, 'तुला येते का' एवढे विचारायला लाजू नका.

निघायच्या सकाळी नायराने माझी किल्ली मागून घेतली. पेटी रिकामी होती. पुलाच्या माथ्यावर ती क्षणभर थबकली, मग तिने मला उतारावर सोडले. कठडा जवळ आला तेव्हा तिने ब्रेक दाबला.

मी थांबले.

तिने दोन्ही पाय जमिनीवर टेकले. ब्रेकची मूठ सोडली, पुन्हा दाबली.

"दाबला होता मी," ती म्हणाली.