नवऱ्याचा रकाना

मला माणसं मोजायची खोड आहे. कोण कोणाच्या ओट्यावर किती वेळ बसला, कोण देवळातून निघाला आणि थेट घरी गेला नाही, हे माझ्या डोक्यात ओळीनं लिहिलेलं असतं. त्यामुळे एक्कावन्न साली मतदारयादीचं काम पांढुर्ण्याच्या मास्तरांवर आलं तेव्हा बाकीचे कुरकुरले आणि मी मनातून खूश झालो. लोकांच्या घरात डोकावायला सरकारी परवाना! त्या खुशीची आज लाज वाटते, पण तेव्हा वाटली नाही, हे आधीच सांगून टाकतो.

पहिल्या यादीत बायांना नावंच नव्हती. मुकुंदाची माय, अमक्याची बायको, एवढंच. वरून हुकूम आला की बाईचं स्वतःचं नाव नसेल तर ओळ कापा. म्हणून मी पुन्हा दारोदार फिरलो. बाया स्वतःचं नाव कसंबसं सांगत, पण पुढच्या रकान्यात नवऱ्याचं नाव विचारलं की पदर तोंडात. नवऱ्याचं नाव बायको तोंडानं घेत नाही. ते शेजारीण सांगणार, मी लिहिणार.

जाम नदी ओलांडून सावरगावात गेलो. गुणवंता अंगणात कापूस निवडत बसली होती.

"नाव?"

"गुणवंता." अगदी स्पष्ट. त्या गल्लीत न लाजता नाव सांगणारी ती पहिलीच.

"नवऱ्याचं?"

तिनं मान खाली घातली. भिंतीपलीकडून शेजारीण शकुबाई बोलली, "लिवा न मास्तर, पुंडलिकराव! तुमाले का मालूम नाही? साऱ्या पांढुर्ण्याले मालूम हाये."

मला मालूम होतंच. गुणवंताचा नवरा चौदा वर्षांपूर्वी तापानं गेला हे मालूम होतं. पुंडलिकरावांची लग्नाची बायको केसरबाई पांढुर्ण्यात नांदते हे मालूम होतं. गेली बारा वर्षं दर शनिवारी "तिगावच्या संत्र्याच्या बगीच्यात जाऊन राहिलो" असं सांगून निघालेले पुंडलिकराव नदीकडे वळतात, हेही मोजून ठेवलेलं होतं. आमच्या शेतकरी जातींत विधवेचा पाट लागतो, म्हणजे तिचं दुसरं लग्न होतं, आणि तेव्हा पुरुषाला दोन बायका चालत. त्यांनी तिच्याशी पाट लावला असता तर कोणी बोट दाखवलं नसतं. पण केसरबाईच्या भावांना ते भीत.

मी एकदा विचारायला हवं होतं, "बाई, असंच लिहू काय?" गुणवंतानं मान वर केली, माझ्या टाकाकडे पाहिलं आणि पुन्हा कापूस निवडू लागली. मी 'पुंडलिकराव' लिहिलं. चांगलं वळणदार. घरी परतताना नदीच्या पाण्यात पाय धुतले आणि एकटाच हसलो.

पुढं पुंडलिकराव निवडणुकीला उभे राहिले. निशाणी कंदील. समोर बापूजी, कापसाचे व्यापारी, निशाणी शिडी. बापूजी रोज पूजा करत, परक्या बाईकडे मान वर करून बघत नसत, आणि आजवर त्यांनी कोणाला घोटभर पाणी पाजलेलं मी तरी पाहिलं नव्हतं. पुंडलिकराव बेचाळीस साली तुरुंगात गेले होते. आमच्या शाळेच्या छपरावर टीन घालून दिले ते त्यांनीच, नागपूरला चार खेपा मारून.

स्टेशनासमोरच्या चहाच्या ठेल्यावर रोज हाच वाद.

"बाई ठेवली म्हणून का शायेचे टीन गळून राहिले?" गजानन कास्तकार विचारायचा. "आपल्याले काम करनारा पायजे. जावई थोडीच करून राहिलो त्याले?"

"घरच्या लक्ष्मीले जो फसवते, तो तुले का सोडन रे?" हे रामाजी, बापूजींच्या दुकानातले.

"बापूजी तर कोनालेच फसवत नाही. कोनाशी बोलतच नाही न तो!"

सगळे हसले. मलाही काहीतरी बोलून दाखवायची हौस आली. म्हणालो, "ठेवली, ठेवली काय म्हणता? सरकारी यादीत बायको आहे ती. चावडीवर लावलीय, सावरगावचा दोनशे अकरा नंबर वाचा."

रामाजींनी अर्धा चहा तसाच ठेवला आणि उठले.

आठवड्याच्या आत हरकतीचा अर्ज पडला: दोनशे अकरा नंबरची नोंद खोटी आहे, ओळ कापावी. बापूजींच्या लोकांना गुणवंताच्या एका मताशी काही घेणं नव्हतं. पुंडलिकरावांना चारचौघांत 'होय' किंवा 'नाही' म्हणायला लावायचं होतं. होय म्हटलं तर केसरबाईचे भाऊ आणि त्यांच्या तीन गावांची मतं गेली. नाही म्हटलं तर तेही ऐकायला मजा.

सुनावणी सौसरला, तहसिलीत. मला हजर राहायचा हुकूम होता. मोटारीतून उतरलो तर गुणवंता आधीच येऊन बाभळीखाली बसलेली. धुतलेलं लुगडं, सोबत शकुबाई. मला पाहून शकुबाई म्हणाली, "आले का यादीवाले!" गुणवंता म्हणाली, "राहू दे वो." मला वाटलं होतं ती शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

नायब तहसीलदार जबलपूरकडचे होते. व्हरांड्यापर्यंत माणसं भरली होती. साहेबांनी विचारलं, "पुंडलिकरावजी, ये आपकी पत्नी हैं?"

पुंडलिकरावांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "नाही साहेब. मी या बाईले ओळखत नाही. मास्तरची चूक हाये."

बारा वर्षांचे शनिवार! मी खालच्या फरशीकडे बघत राहिलो.

"मास्टरजी?"

खरं सांगायची एक संधी मला होती. साहेब, बाईनं काही सांगितलं नाही, मी विचारलंही नाही, मी मजा म्हणून लिहिलं. एवढंच म्हणायचं होतं. पण नोकरी डोळ्यांपुढं आली. मी म्हणालो, "बाईनंच खूण केली असेल साहेब, मी लिहून घेतलं."

शकुबाई ओरडली, "खूण? अवो, खूण कवा केली तिनं? म्या बोलली नाव!" शिपायानं तिला गप्प केलं.

साहेब गुणवंताकडे वळले. "बाई, डरो मत. नवऱ्याचं नाव बोलो. नहीं तो नाव कट जाएगा."

ती पुढं आली. डोक्यावरचा पदर तिनं सारखा केला, पण तोंडाशी नेला नाही.

"लिवा साहेब," ती म्हणाली. "पुंडलिकराव माझा कोनी नाही."

बारा वर्षांत तिच्या तोंडून ते नाव शकुबाईनंसुद्धा ऐकलं नव्हतं. 'ते', 'घरचे', 'आले का', यावरच भागायचं. साहेबांना काही कळलं नाही. आम्हा सगळ्यांना कळलं. पुंडलिकराव भिंतीला हात लावून उभे राहिले.

"पुंडलिकराव माझा कोनी नाही," तिनं परत म्हटलं, सावकाश, लिहिणाऱ्याला सोपं जावं म्हणून. "गेलेल्या नवऱ्याचं नाव मी घेत नाही. बापाचं लिवा. गुणवंता, बाप चिंधूजी."

साहेबांनी दुरुस्ती मंजूर केली. ती मलाच करायची होती. माझं वळणदार अक्षर खोडताना टाक कागदात रुतला.

बाहेर रामाजी चिडले होते. "हे का झालं वो? हा तर वाचला!" वाचलाच. पांढुर्ण्यात त्याच दिवशी बातमी पोहोचली की बाईनंच सांगितलं, संबंध नाही. केसरबाईचे भाऊ निवांत झाले. ठेल्यावर गजानन म्हणाला, "पाह्यलं, मानूस साफ हाये." त्यानं बाई ठेवली होती की नाही, याचा हिशेब सगळ्यांनी केला. भरल्या तहसिलीत तिला ओळखत नाही म्हणाला, हे कोणीच धरलं नाही. मी धरलं होतं, पण ठेल्यावर बोललो नाही. बोलायला तोंड नव्हतं. तिच्यावर खुणेचा आळ मीच घातला होता.

मतदानाला माझी ड्युटी सावरगावातच लागली. काम सोपं: नाव मोठ्यानं वाचायचं, बोटाला शाई लावायची. दुपारी गुणवंता आली. मी हळूच पुटपुटलो.

"मोठ्यानं वाचा न मास्तर," ती म्हणाली. "ठेल्यावर तर मोठ्यानं सांगतलं म्हणे तुमी."

मी मोठ्यानं वाचलं. तिनं बोट पुढं केलं, मी शाई लावली. ती पडद्याआड गेली, लवकरच बाहेर आली आणि कोणाकडे न पाहता निघून गेली. तेव्हा प्रत्येक निशाणीची पेटी वेगळी असे; तिनं मत कोणत्या पेटीत टाकलं ते मला माहीत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी मोजायचा प्रयत्नही केला नाही.

शेवटी ड्युटीवाल्यांची मतं. कागद घेऊन मी पडद्याआड गेलो. दोन पेट्या: कंदील आणि शिडी. ज्या माणसानं तिला ओळखलं नाही त्याला मत द्यायचं नाही, असं सौसरहून येताना मोटारीत ठरवलं होतं. मग आठवलं, शाळेच्या दुसऱ्या खोलीचे टीन अजून यायचे आहेत. आणि बापूजी काय, तिचा तमाशा करायला निघालेले तेच. आणि मी कोण? साहेबांपुढं त्यानं एक खोटं सांगितलं, मीही एक.

बाहेरून शिपायानं हाक मारली, "मास्तर, झोपले का आत?"

मी कागद कंदिलाच्या पेटीत टाकला. आत पडला तेव्हा काही आवाज झाला नाही. बाहेर येऊन शाईची बाटली बंद केली आणि यादी गुंडाळायला घेतली.