निवडक बुवा

अश्वजितने चाळीस हजार लोकांना खोटं सांगितलं आणि तेही इंग्रजीत, याचा लक्ष्मीकांतला भयंकर राग आला होता.

लक्ष्मीकांत चिखलीच्या पंचायत समितीत बाबू. दुपारच्या सुटीत डबा उघडायचा, कानात इअरफोन खुपसायचा आणि कॅनडातल्या अश्वजितला ऐकायचं, हा त्याचा चार वर्षांचा नेम. अश्वजित तिकडे नोकरी सांभाळून यूट्यूबवर हेवी मेटल संगीताबद्दल तास-तासभर बोलायचा. त्याला ऐकणाऱ्या चाळीस हजारांत एक जण चिखलीत मेथीची भाजी खात बसलेला असतो, हे त्याला माहीत होतं की नाही देव जाणे. लक्ष्मीकांतने दोनदा खाली चार ओळी लिहिल्या होत्या. दोन्ही वेळा उत्तर म्हणून एक अंगठा आला.

त्या दिवशी अश्वजितने निवडक गाण्यांच्या संग्रहांची सालटी काढली. ‘ग्रेटेस्ट हिट्स’ म्हणजे आळशांचं ऐकणं, म्हणाला. कंपन्यांनी पुन्हा गरम करून वाढलेलं शिळं. खरा ऐकणारा अख्खा अल्बम ऐकतो, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, मधली कंटाळवाणी गाणीसुद्धा. इथवर ठीक होतं, ज्याचं त्याचं मत. पण पुढे तो म्हणाला, “मी स्वतः असला संग्रह कधी हातात धरला नाही. माझी सुरुवातच अख्ख्या अल्बमने झाली, पुण्यात.”

लक्ष्मीकांतचा घास हातातच राहिला. “खोटारडा!” तो मोठ्याने म्हणाला. समोरच्या टेबलावरच्या सुचिता मॅडमना वाटलं, आपल्या फायलीबद्दलच बोलला. त्या दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत.

आता खरं काय ते ऐका. सत्त्याण्णव साली हे दोघे चिखलीला कॉलेजात होते. लक्ष्मीकांत मास्तरांचा पोरगा, अश्वजित जवळच्या उंद्री गावाहून एस.टी.ने येणारा. त्या वर्षी लक्ष्मीकांतच्या घरचे शेगावला दर्शनाला निघाले आणि हा अश्वजितलाही बरोबर घेऊन गेला. तिथे पंजाबराव नावाच्या माणसाचं कॅसेटचं दुकान होतं. भजनं, आरत्या, पोथ्या, सगळं भिंतभर. त्या भिंतीत एक काळी कॅसेट, वर निळ्या पेनाने लिहिलेलं: ‘इंग्रजी दणका’. पंजाबराव म्हणाले, “कोन्या पोट्ट्यानं यादी देऊन भरून घेतली अन् न्यायलेच आला नाई. न्या तुम्ही.” दोघांनी अर्धे-अर्धे पैसे काढले आणि कॅसेट घेतली.

बारा गाणी. ना नाव, ना पत्ता, ना फोटो. पहिलं गाणं सुरू झालं आणि लक्ष्मीकांतच्या अंगावर काटा आला. आपल्या छातीत एवढा दंगा मावतो हे त्याला तोवर ठाऊक नव्हतं. मग दोघांनी मिळून एक घोळ घातला. ती बारा गाणी चार वेगवेगळ्या बँडांची होती. आयुष्यात भजनाच्या कॅसेटच पाहिलेल्या या दोघांनी असं गृहीत धरलं की एका कॅसेटवर एकच बुवा असतो. म्हणजे हासुद्धा एकच बुवा आणि तो चार आवाजांत गातो. कधी किंचाळतो, कधी गुरगुरतो, कधी देवळात गायल्यासारखा गंभीर होतो. वर्षभर ते यावर वाद घालत होते. “आज बुवानं गळा बसवून घेतला बे.” “नाई, हे म्हातारपणीचं गाणं असन.” त्यांनी बुवाला वय दिलं, आजारपण दिलं, एक पळून गेलेली बायकोसुद्धा दिली.

कॅसेट एक आठवडा याच्याकडे, एक आठवडा त्याच्याकडे. उंद्रीला अश्वजितचे वडील कचरूकाका एस.टी. डेपोतून हात काळे करून यायचे आणि ओट्यावर बसून ऐकायचे. ते मेकॅनिक. ढोल ऐकून मान डोलवायचे आणि म्हणायचे, “याचं पिस्टन मस्त बसलं आहे बुवा.” बुवा हे नाव तिथेच पक्कं झालं.

पुढे अश्वजित पुण्याला शिकायला गेला. कॅसेट त्याने बरोबर नेली, लक्ष्मीकांतनेच दिली. दोन महिन्यांनी त्याचं पत्र आलं: ‘बुवा एक नाही, चार बँड आहेत. मी होस्टेलवर सगळ्यांसमोर बुवाच्या आवाजाबद्दल बोललो. फार हसले. आपण येडे होतो.’ लक्ष्मीकांत ते पत्र वाचून दोन दिवस हसत होता. त्याने उत्तरात लिहिलं की चार असले तरी आपला बुवा एकच. त्या पत्राला उत्तर आलं नाही. हसण्यासारखं काय होतं आणि दुखण्यासारखं काय होतं, हे दोघांचं तिथे वेगळं झालं. पुढची वर्षं भराभर गेली. नोकरी, लग्न, कॅनडा.

लक्ष्मीकांतची बायको पद्मजा समजूतदार बाई, पण रविवारी सकाळी तो स्कूटर पुसायला लागला की ती म्हणायचीच, “चाललात का उंद्रीला? सासरी गेल्यासारखे नटून जाता.” ती चिडवायची आणि त्याला ते आवडायचं. तो उंद्रीला का जायचा ते तिला पक्कं माहीत होतं. रविवारी सकाळी नऊला अश्वजितचा फोन यायचा. कचरूकाका बोलून झाले की फोन पुढे करायचे, “घे, तुह्या दोस्तासंग बोल.” मग दोन मिनिटं तब्येत, पोरं, पाऊसपाणी. त्या दोन मिनिटांसाठी लक्ष्मीकांत स्कूटर काढायचा. त्याला त्या माणसाची आठवण यायची, इतकं साधं होतं ते. तेवढा जीव लावून ऐकणारं दुसरं कोणी त्याला पुन्हा भेटलं नाही.

मग फोन महिन्यातून एकदा यायला लागला. मग जयंतीला आणि नवीन वर्षाला. लक्ष्मीकांतचं जाणं मात्र थांबलं नाही. कचरूकाका रविवारी दाढी करून, धुतलेला सदरा घालून, मोबाइल तळहातावर ठेवून अंगणातल्या बाजेवर बसलेले असायचे. अकरा वाजले की म्हणायचे, “बर्फ पडलं असन तिकडं. लाइन जात असन.” लक्ष्मीकांत म्हणायचा, “हाव, बर्फच असन.” मे महिन्यातही दोघे बर्फच म्हणायचे. शेवटच्या वर्षी काकांना माणसं ओळखू येईनात. लक्ष्मीकांत फाटकात दिसला की ते ओरडायचे, “अश्वजित, एवढ्या दिसानं आला काऊन बे?” पहिल्यांदा त्याने दुरुस्त केलं. नंतर तो नुसता म्हणायचा, “कामात होतो बाबा.”

जानेवारीत कचरूकाका गेले. अश्वजित पोहोचला तोवर तीन दिवस झाले होते. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम रविवारी ठरला.

दु:ख होतंच, पण त्या सकाळी चिखलीहून निघाल्यापासून लक्ष्मीकांतच्या डोक्यात भांडणही शिजत होतं. तो एपिसोड ऐकल्यापासून त्याने भाषण तयार केलं होतं. अख्खे अल्बम म्हणे! अश्वजितच्या सांगण्यावरून त्याने चांगले पाच-सहा ऐकले होते, प्रामाणिकपणे, इअरफोन लावून. आठ गाण्यांतली तीन सोन्यासारखी, बाकीची भरताड. एकात तर सात मिनिटं वारा वाहण्याचा आवाज होता. आणि संग्रहात पंचविशीतला गडी आणि पन्नाशीतला गडी एकमेकांना लागून गातात, एका तासात माणसाचा जन्म ऐकून होतो, ते कुठे मिळतं? पण खरा मुद्दा वेगळाच होता आणि स्कूटरवर तो पुन्हा पुन्हा घोकत होता. ज्याच्या हाती एवढ्याशिवाय दुसरं काहीच लागणार नाही, अशा माणसासाठी कोणीतरी बसून निवडलेलं असतं ते. त्याला आळशीपणा म्हणायला तुझी जीभ कशी रेटली? हे तोंडावर विचारायचं आणि परत यायचं, असं त्याने ठरवलं होतं.

मांडव भरलेला होता. पांढरे कपडे, बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या, शेजारी काकांचा डेपोतला फोटो. भन्तेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं, मग आदरांजली सुरू झाल्या. एकाने सांगितलं, सत्तराव्या वर्षी काकांनी गावाचा हातपंप एकट्याने खोलून दुरुस्त केला. दुसऱ्याने सांगितलं, वाचनालयाची कपाटं त्यांनी जुन्या बसच्या पत्र्यांतून केली. अंगणवाडीच्या आशाबाईंनी सांगितलं, ते पोरांना पाने-पकडी ओळखायला शिकवायचे आणि पोरांचं चुकलं की स्वतःचेच कान धरायचे. लोक हसले, डोळे पुसले. अश्वजित पहिल्या रांगेत बसून प्रत्येकाकडे वळून बघत होता. कोणा अनोळखी माणसाबद्दल ऐकावं तसा त्याचा चेहरा झाला होता.

शेवटी त्याला बोलायला उभं केलं. एरवी तासभर न अडखळणारा माणूस. त्याने पहिली सायकल सांगितली. दहावीच्या निकालाला बापाने डेपोत पेढे वाटले ते सांगितलं. मग थांबला. “एवढंच,” म्हणाला आणि खाली बसला. दोन मिनिटंही झाली नव्हती.

ते बघून स्कूटरवर घोकलेलं भाषण लक्ष्मीकांतला नको झालं.

जेवणं झाल्यावर अश्वजितच त्याला शोधत घरामागे आला. केस पांढरे, अंग सुटलेलं, चालणं मात्र तेच. लक्ष्मीकांत पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसला होता. अश्वजित शेजारी बसला. सव्वीस वर्षांत ते असे बसले नव्हते आणि लक्ष्मीकांतला इतकं बरं वाटलं की त्याला स्वतःचीच लाज वाटली.

“तो एपिसोड ऐकला का तुनं?” अश्वजितने विचारलं.

“हाव.”

“पुण्यात लय हसले होते बे माह्यावर. अजून कानात आहे ते हसनं.”

“मी नवतो हसलो तसा.”

“तुले लिवाले पायजे होतं मी. ते पत्र माह्यापाशी आहे अजून.”

लक्ष्मीकांतला जे हवं होतं ते मिळालं होतं आणि इतक्या पटकन मिळालं की त्याचं काय करावं ते कळेना. मांडवातल्या खुर्च्या एकावर एक ठेवल्याचा आवाज येत होता.

“लक्ष्या,” अश्वजित म्हणाला, “मंजू सांगे, तू दर रविवारी येत जाय.” मंजुश्री त्याची धाकटी बहीण, काकांना तिनेच सांभाळलं होतं. “माह्यापाशी बापाच्या दोन गोष्टी होत्या. दोन्ही आज संपल्या. तू सांग नं. कसे होते बाबा?”

लक्ष्मीकांतसमोर सगळे रविवार उभे राहिले. दाढी, धुतलेला सदरा, तळहातावरचा मोबाइल. मे महिन्यातलं बर्फ. ‘एवढ्या दिसानं आला काऊन बे?’ त्याला सगळं पाठ होतं आणि सांगण्याचा हक्कही त्याचाच होता. महिनाभरापूर्वी त्याने एकूण एक सांगितलं असतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

“तुहा कार्यक्रम मी लावून देत जाओ त्यायले,” तो म्हणाला. “इंग्रजी कळे नाई. पन पुरा तास ऐकत. म्हनत, आवाज माह्याच पोराचा आहे, दमानं बोलते.”

अश्वजित ऐकत होता.

“एक डाव तू गानं लावलं मधात. तं म्हने, याचं पिस्टन ढिलं आहे, हा बुवा आपला नाई.”

अश्वजित हसला आणि हसता हसता त्याचा चेहरा मोडला.

“अन् जायच्या आधल्या रविवारी माह्या गाडीचा आवाज ऐकून म्हनले, चेन तेल मांगून राह्यली. स्कूटरले चेन कुठं असते? पन मी म्हनलं हाव, आजच टाकतो. खुश झाले. मंजूनं शिरा केला होता, दोन डाव मांगून खाल्ला.”

एवढं सांगून तो थांबला.

“अन् बाकीचं?” अश्वजितने विचारलं. “माही वाट पाह्यत होते का? मले फोन लावाची याद नाई राह्यली, लक्ष्या. काय म्हनत ते?”

लक्ष्मीकांतने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“बाकीचं मी ऐकलं आहे बे,” तो म्हणाला. “तू हेच घे.”

अश्वजितला सगळं कळलं. तो सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसून जवळ सरकला.

“मंग पुन्हा सांग,” तो म्हणाला. “पहिल्यापासून.”

लक्ष्मीकांतने सांगितलं.