भेसळीचं रोप

माझ्या धाकट्या जावेला सगळे घार म्हणत. बियाण्याच्या प्लॉटात भेसळ काढण्यात तिची उमर गेली. गव्हाच्या ओळीत एखादं रोप उंच, ठेंगणं किंवा निराळ्या ओंबीचं दिसलं, की मुळासकट बाहेर. एक जरी राहिलं तरी तपासणीचे साहेब प्लॉट नापास करत. तिचा कधी झाला नाही.

त्या सकाळी तिचं काम आटोपलं म्हणून मुकादमानं तिला आमच्या बाजूला तण काढायला धाडलं. इथं केंद्रातल्या संशोधक बाई नवे गहू तयार करायच्या. तांबेऱ्यानं चांगले चांगले गहू खाल्ले होते, आणि ज्याला तो रोग शिवत नाही असं एक रानगवत बाईंना मिळालं होतं. गव्हाच्याच भावकीतलं. पण दोघांचं जमवता जमवता बाई मेटाकुटीला आल्या. दाणा धरायचा आणि सुकायचा. शेवटी कोवळ्या दाण्यातला गर्भ काढून बाटलीत वाढवला, तेव्हा कुठं एक रोप हाती लागलं. एकच. त्याचा स्वतःचा पराग वांझ, म्हणून ते गव्हाच्या ओळीत लावलं होतं. आज त्याच्या ओंब्यांवर गव्हाचा पराग घालायचा होता.

"जाऊबाई," ती बांधावरून ओरडली, "तुमच्या बाई डोळे घरी ठेवून येतात की काय? भर ओळीत हे भूत उभं!"

"कुठलं गं?"

"हे काय, काढलं की."

तिनं गठ्ठ्यातून ते वर धरलं. मुळांची माती झटकलेली.

"अशा काय बघताय? साप निघाला का?"

"अगं, बाईंचं रोप ते."

ती हसली. मग माझं तोंड पाहिलं आणि तिचं हसू तसंच ओठांवर थिजलं.

परागाच्या ओंब्या घेऊन बाई आल्या. मुळांकडे बघत राहिल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी काढलं," जाऊ म्हणाली. "भेसळ वाटली."

"भेसळच आहे," बाई म्हणाल्या. "मीच केलेली." मग एकदम, "बादली आणा! पाणी!"

दांडे पाण्यात उभे केले आणि सावलीत नेऊन तिथंच पराग घातला. जाऊ दांडे धरून होती.

दुसऱ्या दिवशी तिनं ते रानगवत बघायला मागितलं. कुंडीसमोर ती मटकन बसलीच.

"हे? हे तर मी बांधाबांधावरून जन्मभर उपटत आले."



ओंब्या वाळल्या तेव्हा बाई चिमट्यानं एकेक फूल उघडू लागल्या. पोकळ. पोकळ. पोकळ. जाऊ भिंतीकडे तोंड करून उभी होती. शेवटच्या ओंबीत बाईंचा चिमटा थबकला. एक दाणा. सुरकुतलेला, गव्हाच्या अर्ध्याएवढाही नाही.

"जगेल?" मी विचारलं.

"काय सांगू? पेरून बघायचं."

जावेनं मान वळवली, दाणा पाहिला आणि दोन्ही हात पाठीमागे नेले.

"कुठं पेरणार ते मला सांगू नका, बाई. या हातांचा भरवसा नाही."