माझ्या खोक्यावरची पट्टी

“वीणा, उर्जाच्या जाकिटाला आंब्याचा वास येतोय गं. बघ जरा,” शेजारच्या शुभदामावशी म्हणाल्या. मित्रांनो, त्या जाकिटाच्या खिशात मी होते. मी एक गुलाबी ई-सिगारेट.

दूरच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. हायलाइटर पेनासारखं अंग, पोटात आंब्याचा गोडवा आणि त्याआड निकोटिन. इथे जर्मनीत, कोलोनला, अठरा वर्षांखालच्यांना मला विकायला बंदी आहे. पण वरच्या वर्गातल्या एकीनं मला चौदा वर्षांच्या उर्जाच्या हाती दिलं. मैत्रिणी माझं कौतुक करायच्या. मलाही बरं वाटायचं.

वीणाताईंनी खिसा तपासला. मी सापडले आणि खोक्याचा एक फाटका तुकडा.

“ममा, इनहेलर आहे तो. ॲलर्जीचा,” त्यांची लेक उर्जा म्हणाली.

“आंब्याचा इनहेलर?” शुभदामावशी हसल्या.

“मुलांसाठी असेल,” वीणाताई म्हणाल्या. “ हे बघ, सरकारी शिक्का आहे. इथं उगाच कोणी शिक्का मारतं का? तू पण ना!”

तुकड्यावरची ती अर्धवट पट्टी कराची होती. मी महाग व्हावं, मुलांना परवडू नये, म्हणून लावलेली.

पुढे तो कर वाढला. दोघी मैत्रिणींनी माझा नाद सोडला. उर्जाला सुटेना. तिनं सायकल विकली आणि घरी सांगितलं, चोरीला गेली. वीणाताई पोलिसांकडे निघाल्या तशी ती रडू लागली. त्यांना वाटलं, सायकलसाठी रडतेय.

मग पोहण्याच्या स्पर्धेत उर्जा धापा टाकत मध्येच काठ धरून थांबली. वर वीणाताई अजून टाळ्याच वाजवत होत्या.

“कुठला इनहेलर?” दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं. वीणाताईंनी जपून ठेवलेला तुकडा पुढे केला. डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, “हा औषधाचा शिक्का नाही. तंबाखूच्या कराचा आहे.”

वीणाताईंनी लेकीचा हात घट्ट धरला.

आता मी जुन्या बॅटऱ्यांच्या डब्यात पडून आहे. उर्जा मला सोडायला बघतेय, चिडतेय, दार लावून घेतेय. बाहेर वीणाताई वरणभाताचं ताट घेऊन उभ्या असतात.

“बरी आहेस ना, बाळा?”

आतून फोनवर उत्तर येतं, “Ja, ja.”

जर्मनमध्ये ते ‘या, या’ असं वाचतात आणि त्याचा अर्थ ‘हो, हो’, पण मराठी डोळ्यांना ते ‘जा, जा’ दिसतं. वीणाताईंना अर्थ ठाऊक आहे. तरी प्रत्येक वेळी त्यांचा चेहरा उतरतो.

मित्रांनो, माझ्यावरचा कर आणखी वाढू दे. पण पट्टी कुणाचं दार वाजवत नाही. तुमच्या ओळखीत एखादी हल्ली गप्प गप्प असेल, तिच्या कपड्यांना उगाच फळांचा वास येत असेल, तर आजच जा. बरी आहेस ना, विचारा. आणि ती “जा, जा” म्हणाली, तरी जाऊ नका.