बरणीतला पापुद्रा

मित्रांनो, आपल्या हाताने खायची वस्तू करायची, मग तिला बरणीत कोंडायचं आणि वर चिठ्ठी डकवायची, 'हात लावू नये'. याला शहाणपण म्हणत असतील तर म्हणोत बापडे. मी एक जुना पापुद्रा आहे, बटाट्याच्या सत्त्वाचा, आणि या घरच्या सूनबाईने माझी ही गत केली आहे.

माझा जन्म मागच्या खोलीत झाला. सूनबाईने सत्त्व पाण्यात कालवलं, थोडं ग्लिसरिन घातलं, मंद आचेवर घोटून घोटून खळ केली आणि काचेवर पसरली. खाऊ वेष्टणासकट खाता यावा, प्लॅस्टिक लागूच नये, हा तिचा ध्यास. माझ्या आधीची भावंडं धड निघाली नाहीत. कुणी सुकताना तडकलं, कुणी काचेला असं चिकटलं की सुटायचं नाव नाही. मी मात्र कडेला नख लावताच अखंड सुटून आलो. तिने मला उजेडासमोर धरलं आणि चक्क रडली.

तेव्हापासून मी कैदेत. मला ओल लागू नये म्हणून तिने बरणीत ओल शोषणाऱ्या पुड्या टाकल्या. अहो, माझा मऊपणा त्या जराशा ओलीवरच तर होता. पाहुणे 'काय नितळ आहे' म्हणायचे आणि मी आतल्या आत वाळत जायचो. माझ्यामागून झालेले पापुद्रे सूनबाई ताणून पाहायची, फाडायची, टाकून द्यायची. खात कुणीच नव्हतं.

मग एका सकाळी बेकरीवाला आपल्या बिस्किटांसाठी हे वेष्टण पाहायला आला. त्याने होकार दिला नाही तर मागची खोली बंद करून नोकरी धरायची, असं सूनबाईने ठरवलं होतं. त्याने नव्या पापुद्र्यात बिस्कीट गुंडाळलं, वाकवून पाहिलं, खूश झाला. म्हणाला, "ताई, आधी तुम्ही खाऊन दाखवा."

सूनबाई गडबडली. जाडी सांगू लागली, चाचण्या सांगू लागली. शेवटी कबूल केलं की नमुना कमी होईल म्हणून तिने कधी चाखलाच नाही.

"करणारीच खात नाही, ते मी लेकरांना कसं देऊ?" बिस्कीट ठेवून तो चपला घालायला दाराशी गेला.

इतका वेळ सासूबाई कोपऱ्यात बटाटे सोलत होत्या. त्या उठल्या, फळीवरची बरणी काढली आणि झाकण फिरवलं. किती काळाने मला वारा लागला.

"आई, तो पहिला आहे," सूनबाई कळवळली.

सासूबाईंनी मला वाकवलं आणि मी कडकन मोडलो. एक तुकडा त्यांनी तोंडात टाकला, सावकाश चावला. दुसरा सूनबाईच्या हातावर ठेवला, उरलेला बशीत. तिने डोळे मिटून खाल्ला. बेकरीवाला एका पायात चप्पल घालून तसाच परत आला आणि ते बिस्कीट वेष्टणासकट खाऊन मोकळा झाला.

मित्रांनो, मी आता बशीत बोटभर उरलो आहे, पण मोकळा आहे. तुमच्या घरी कुणी जीव ओतून काही केलं असेल, तर ते कपाटात जपू नका, कामाला लावा. मोडलं तर मोडू द्या.

सासूबाईंनी हात झटकले आणि सुनेला म्हणाल्या, "चवीला काही विशेष नाही गं. पण पोरगं गुणाचं होतं, तूच कौतुकाने वाळवलंस. आता घाणा निघाला की पहिला घास तुझा, मग गिऱ्हाइकाचा."