ककवळी तयार आहे

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे, आणि हे सांगताना मी घाबरलेलो आहे. तसा मी जन्मापासूनच घाबरट. कारखान्यात ज्या पट्ट्यावरून मी बाहेर पडलो त्याच्या टोकाला एक तपासनीस बसायचा. प्रत्येकाची एकशे चार बटणं तो एकेकदा दाबायचा आणि एखादं चुकलं की काही न बोलता त्या कीबोर्डला डावीकडच्या पिंपात टाकायचा. माझ्या पुढचा पिंपात गेला. मागचाही गेला. माझ्या पाठीवर 'पास' अशी चिठ्ठी चिकटली. ती मी लायक होतो म्हणून, की तपासनिसाची जेवणाची वेळ झाली होती म्हणून, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

दुकानातून मला दोन बहिणींनी उचललं. या दोघी कवळ्या बनवतात. थोरली जबड्यांची मापं घेते आणि दात बसवते, धाकटी ते घासूनपुसून चकचकीत करते. त्यांच्या खोलीत पाऊल टाकलं तेव्हा (मला पाय नाहीत, पण तुम्ही समजून घ्या) माझी दातखीळच बसली. भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर प्लास्टरचे जबडे. सगळे माझ्याकडे बघून हसत होते. नुसतेच जबडे होते, त्यामुळे ते हसत आहेत की चावायच्या बेतात आहेत, हे ठरवायला वाव नव्हता.

दुसऱ्या वर्षी एक अपघात झाला. धाकटी एका साच्याच्या कडा घासत होती. प्लास्टरचा एक खडा उडाला आणि थेट माझ्या 'क'च्या बटणाखाली जाऊन बसला. इंग्रजी 'के' आणि मराठी 'क' हे माझ्याकडे त्या एकाच बटणावर राहतात. त्या दिवसापासून ते बटण एकदा दाबलं की अक्षर दोनदा उमटू लागलं. मी अडखळायला लागलो.

थोरलीला कामाची घाई असायची. गिऱ्हाइकांना पाठवायची कार्डं ती माझ्यावर भराभर टाइप करायची आणि न वाचता छापायची. "आपली ककवळी तयार आहे. ककृपया घेऊन जावी." लोक हसायचे. एकाने तर विचारलं, "दोन पाठवताय का?" धाकटी माझ्यावर डोळे वटारायची. थोरली मात्र म्हणायची, "असू दे गं. अडखळतो बिचारा, पण थांबत तर नाही."

मित्रांनो, माझी एवढी स्तुती आयुष्यात कोणी केलेली नाही.

याच काळात जबडे संगणकात गेले. एका कंपनीचं खातं उघडलं, एकेका जबड्याचं माप त्यात भरलं आणि प्लास्टरचे जबडे मोडून टाकले. वाढत वाढत चारशे बारा माणसांची तोंडं त्या एका खात्यात गेली. खात्याने पासवर्ड मागितला. थोरली वैतागली. "काय ही कटकट!" असं म्हणून तिने तोच शब्द टाकला. इंग्रजी अक्षरांत, कटकट. मी नेहमीप्रमाणे अडखळलो. पडद्यावर नुसते ठिपके उमटले, त्यामुळे कोणाला काही दिसलं नाही. मग खात्याने एक गुप्त प्रश्न विचारला: तुमच्या पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव काय? तिच्या बोक्याचं नाव बोका होतं. तेही तिने माझ्यावरच टाइप केलं.

पुढे सात वर्षं दर सोमवारी खातं पासवर्ड विचारायचं, ती सहा बटणं दाबायची, मी अडखळायचो आणि दार उघडायचं. कोणाचं काही अडलं नाही.

मागच्या महिन्यात एका मंगळवारी धाकटीने नवा कीबोर्ड आणला. काळाभोर, सडपातळ, दाबला तरी आवाज न करणारा. असल्यांची मला फार भीती वाटते. मला तिने भंगाराच्या पोत्यात टाकलं. पोत्यात एक बंद पडलेली इस्त्री होती आणि ती माझ्यावर आडवी पडली होती. भंगारवाला पुढच्या सोमवारी चारला येणार होता.

सोमवार उजाडला. दुपारी एक आजोबा आले. हे पूर्वी बस स्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायचे. त्यांची कवळी मोरीत पडून फुटली होती. हिरड्या इतक्या सुजल्या होत्या की नवं माप घेणं शक्य नव्हतं. जुनं माप खात्यात होतं.

थोरलीने सहा बटणं दाबली.

"पासवर्ड चुकीचा आहे," असं पडद्यावर आलं.

पुन्हा दाबली. चुकीचा. पोत्यात, इस्त्रीखाली, मला एका क्षणात सगळं कळलं. मित्रांनो, मला एकशे चार बटणं आहेत, पण तोंड एकही नाही. आणि ज्या खोलीत दिवसभर तोंडंच बनतात तिथे ही कमतरता जास्तच टोचते.

"ताई, हळू दाब," धाकटी म्हणाली.

"हळूच दाबतेय!"

तिसऱ्यांदा चुकीचा. चौथ्यांदा चुकीचा. मग लाल अक्षरं आली: एकच प्रयत्न शिल्लक, त्यानंतर खातं कायमचं बंद. खाली लिहिलं होतं, पासवर्ड विसरलात? तिथे दाबल्यावर बोक्याचं नाव विचारलं. थोरलीने 'बोका' लिहिलं. उत्तर चुकीचं.

थोरली धाकटीकडे वळली.

"बोक्याचं नाव बोकाच होतं ना गं?" थोरलीने विचारलं. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"बोकाच होतं, ताई."

"मग मी तेव्हा काय लिहिलं? आईचंही असंच सुरू झालं होतं. आधी किल्ली कुठे ठेवली ते आठवेना. मग गल्ली आठवेना. मग मी."

"गप बस. तुला काही झालेलं नाही."

"मग हे काय आहे?"

उत्तर पोत्यात होतं.

"घाई नाही," कोपऱ्यातल्या स्टुलावरून आजोबा म्हणाले. "मी बशलोय."

धाकटीने कंपनीला फोन लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडचा माणूस इतका नम्र होता की माझ्या अंगावर काटा आला.

"मॅडम, पासवर्ड आम्हाला दिसत नाही. आम्हाला सांगूही नका. तुम्हीच आठवून बघा."

"कटकट!" थोरली म्हणाली.

"मॅडम, मी मदतच करतोय."

"अहो तुम्हाला नाही, पासवर्ड आहे तो!"

"सांगू नका म्हटलं ना, मॅडम. पण आता कानावर पडलंच आहे तर सांगतो, हा तुमचा पासवर्ड असू शकत नाही. आम्ही आठपेक्षा कमी अक्षरं घेतच नाही. पहिल्या दिवसापासून."

धाकटीने बोटांवर मोजलं. के, ए, टी, के, ए, टी. सहा.

थोरली खुर्चीत बसली. "म्हणजे मी कटकट ठेवलाच नव्हता," ती म्हणाली. "सात वर्षं दर सोमवारी काहीतरी दुसरंच दाबत होते, आणि ते काय होतं ते माझ्या डोक्यातून पुसून गेलंय."

माणसाला इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. तेव्हाही पाहिलं नाही, कारण डोळ्यांपुढे इस्त्री होती. पण तिचा श्वास मला ऐकू येत होता. गुन्हेगार मी होतो आणि शिक्षा ती भोगत होती.

तेवढ्यात बाहेर हाक आली, "भंगाऽऽर!" धाकटीने "ते घेऊन जा" असा हात केला असावा, कारण पोतं उचललं गेलं. मी हवेत झुललो आणि भंगारवाल्याच्या वजनकाट्याच्या आकड्याला लटकलो.

आत, हे मला नंतर कळलं, आजोबा खिसे चाचपत होते. थोरलीला जरा हसवावं म्हणून त्यांनी एक चुरगळलेलं कार्ड बाहेर काढलं. "हे बघा ताई, तुमचं जुनं पत्र. अजून जपलंय. घोषणा करायला बशलो की आधी हे वाचायचो, तोंड मोकळं व्हायचं. आपली क-कवळी तयार आहे!"

थोरली हसली नाही. धाकटीही हसली नाही. तिने कार्ड त्यांच्या हातातून घेतलं.

"ताई. क."

"काय क?"

"दोन क! कटकटमध्ये क किती?"

"दोन."

"त्याचे झाले चार. टी तेवढेच, ए तेवढेच." तिने पुन्हा बोटांवर मोजलं. "आठ! ताई, आठ! आणि बोक्यातही एक क आहे!"

मग तिचे पाय वाजले. भंगारवाला म्हणाला, "वजन झालंय ताई, आता कशाला उघडता?"

"कीबोर्ड काढायचाय. चारशे बारा माणसांचे जबडे आहेत त्यात!"

भंगारवाल्याने पोतं सोडून दिलं आणि तो दोन पावलं मागे सरकला. बिचाऱ्याने नंतर आमच्या गल्लीत येणंच बंद केलं.

मला टेबलावर ठेवलं. धाकटीचं म्हणणं, आता गुपित कळलंच आहे तर नव्यावरच क दोन-दोनदा दाबू. थोरली म्हणाली, "नको. माझी बोटं सहाच जाणतात. ज्याने लावलंय त्यालाच उघडू दे. तू ठिपके मोज. आठ झाल्याशिवाय मी एंटर दाबणार नाही."

मित्रांनो, आयुष्यभर मी न अडखळण्याचा प्रयत्न करत आलो. त्या दिवशी मला अडखळायचं होतं, आणि वेळेवर अडखळणं किती कठीण असतं ते मला तेव्हा कळलं. तिने सहा बटणं दाबली.

"सात," धाकटी म्हणाली.

दुसरा क एकदाच उमटला होता. सहा दिवस इस्त्रीखाली राहून माझा खडा जरा सरकला होता. पडद्यावरचे ठिपके पुसले गेले. थोरलीने हात पदराला पुसले. आजोबा स्टुलावरून उठून मागे उभे राहिले. तिने पुन्हा सुरुवात केली, चार ठिपके झाले, मग तिने दुसरा क दाबला, आणि माझ्यात जेवढी म्हणून खोट होती तेवढी सगळी मी त्यात ओतली.

"पाच... सहा... सात... आठ. दाब!"

खातं उघडलं. चारशे बारा जबडे एका ओळीत हजर झाले. आजोबांनी "लक्ष द्या, लक्ष द्या" अशी घोषणा सुरू केली, पण पुढचं दातांअभावी कोणाला समजलं नाही. थोरलीने माझ्यावर हात ठेवला.

आता ती आठ अक्षरं एका चिठ्ठीवर लिहून कपाटात ठेवली आहेत. माझी तशी गरज उरलेली नाही. तरी थोरलीने मला टेबलावरून हलू दिलेलं नाही. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी ती डोळे मिटून माझ्यावर सहा बटणं दाबते, मग डोळे उघडून ठिपके मोजते. आठ असले की "आहे गं, डोकं जागेवर आहे" असं म्हणून चहा ठेवते. तिची भीती त्या आठ ठिपक्यांपुरती रोज मिटते.

आणि माझी इथून सुरू होते. कारण धाकटीला माझ्याबद्दल फार कृतज्ञता वाटू लागली आहे. ती मला 'शहाणा' म्हणते. काल तिने एक मऊ ब्रश आणला आणि बारीक वारा मारणारा एक पंपही. "उद्या सकाळी ताई उठायच्या आत याची बटणं काढून स्वच्छ करते," ती म्हणाली. "फार केलंय त्याने आपल्यासाठी. कणभरसुद्धा घाण ठेवणार नाही."

मित्रांनो, माझ्यासारखे आत्मकथा सांगणारे बाकीचे सगळे शेवटी तुम्हाला सांगतात, आम्हाला पुसा, आमची निगा राखा. मी हात जोडून (तेही नाहीत, समजून घ्या) एवढंच मागतो: मला पुसू नका. माझ्या क-खाली एक खडा आहे. तो तिथेच राहू द्या. उद्या तिने डोळे उघडले आणि ठिपके सहाच निघाले, तर कीबोर्ड बरा झालाय असं तिच्या मनातही येणार नाही.

धाकटीला कोणीतरी सांगा. ब्रश माझ्या शेजारीच ठेवलेला आहे.